वारसा-गावात घर घेताना : किमतीपेक्षा अंतर महत्त्वाचे

म्हैसूर शहरापासून सुमारे 35 किलोमीटरवर सोमनाथपूर हे लहानसे गाव आहे. होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा सेनापती सोमनाथ याने 13व्या शतकात येथे अग्रहार वसविला आणि केशव मंदिर उभारले. सप्टेंबर 2023 मध्ये बेलूर व हळेबीड येथील मंदिरांसह या मंदिराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा गावातील कौलारू, चौकाचे जुने घर विकत घ्यावे, असे शहरातील अनेकांना वाटते. मात्र स्मारकाजवळच्या घराचे व्यवहार इतर घरांसारखे नसतात.

शंभर मीटरचा नियम

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना 1958 चा प्राचीन स्मारके कायदा लागू आहे. 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित, तर त्यापुढील 200 मीटर नियंत्रित मानले जाते. हे अंतर मंदिराच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित हद्दीपासून मोजले जाते. अजिंठा, वेरूळ येथेही हाच नियम आहे.

प्रतिबंधित क्षेत्रात खासगी व्यक्तीस नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या घरावर मजला चढविणे किंवा बाजूस खोली वाढविणे हेही नवे बांधकामच ठरते. घर 16 जून 1992 पूर्वीचे असेल, तर दुरुस्ती व नूतनीकरणासाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर निर्णय होतो. प्रतिबंधित क्षेत्रात बेकायदा बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

यातील खरी अडचण वेगळीच आहे. परवानगी दुरुस्तीला मिळते, पुनर्बांधणीला नाही. मातीच्या भिंतींचे घर कोसळले, तर त्याच जागी पुन्हा उभारण्याची तरतूद प्रतिबंधित क्षेत्रासाठी नाही. नियंत्रित क्षेत्रात मात्र परवानगीने पुनर्बांधणी आणि नवे बांधकामही करता येते. म्हणूनच एकाच गावातील दोन सारख्या घरांचे मोल केवळ अंतरामुळे बदलते, आणि वेळेवर केलेली छपराची डागडुजी ही मालकाची सर्वांत मोठी बचत ठरते.

कागदपत्रे कोणती पाहावीत?

कर्नाटकात ग्रामपंचायत हद्दीतील बिगरशेती मिळकतीची नोंद ‘ई-स्वत्तु’ या संगणकीय प्रणालीत होते. तेथील नमुना 9 आणि नमुना 11 हे उतारे प्रथम पाहावेत. मिळकतीवर कर्जाचा किंवा अन्य बोजा नसल्याची खात्री दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दाखल्यावरून करावी. वडिलोपार्जित घर असल्यास सर्व वारसांची संमती आवश्यक आहे.

घरासोबत शेतजमीन असेल, तर नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो. कर्नाटकाने ही अट 2020 मध्ये कायद्यातून वगळली. मात्र शेतजमिनीवर घर बांधण्यापूर्वी ती बिनशेती करून घ्यावी लागते.

इसार देण्यापूर्वी घर कोणत्या क्षेत्रात येते आणि ते 1992 पूर्वीचे असल्याचा पुरावा आहे काय, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवणे हिताचे ठरेल. विक्रेत्यानेही ती आधीच तयार ठेवल्यास पुढील वाद टळतील. जुनी घरे राहती राहिली, तरच मंदिराभोवतीचे गाव गाव म्हणून टिकेल.