रिकाम्या शिफ्टचं गाणं

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडची पहिली सिंगल ६ जुलै १९७३ रोजी बाजारात आली आणि पडली. ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत तिचं नावही लागलं नाही. सिंगल म्हणजे सात इंची तबकडी. एका अंगाला चालावं अशी अपेक्षा असलेलं गाणं, दुसऱ्या अंगाला सोबतीचं. इथे पहिल्या अंगाला ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ होतं, मागे ‘सन अँड डॉटर’.

गाणं पडलं की लोक चालीला नाहीतर गायकाला बोल लावतात. मी मुंबईत लहान लहान स्टुडिओंत रेकॉर्डिस्ट म्हणून आयुष्य काढलं, त्यामुळे माझे प्रश्न वेगळे असतात. रेकॉर्डिंग कुठे झालं? शिफ्ट कुठली होती? मिक्स कोणी केला? या गाण्याच्या बाबतीत तिन्ही उत्तरं ऐकण्यासारखी आहेत.

आपल्याकडे क्वीनचा विषय निघाला की तो लगेच पाचगणीला पोचतो. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बुलसारा, आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथे ‘हेक्टिक्स’ नावाच्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. सगळं खरं, अभिमानाचंही. पण हे गाणं फ्रेडीचं नाही. ते गिटारवादक ब्रायन मेचं. तो लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ग्रहांमधल्या धुळीवर संशोधन करत होता. नुसतं जिवंत राहणं एवढंच आयुष्य का, असा तिरकस सवाल त्याच्या मनात होता. लोकांनी मात्र ‘स्वतःला जिवंत ठेव’ हा त्यातला सल्ला सरळ घेतला.

त्याची गिटारही घरचीच. ब्रायन आणि त्याच्या वडिलांनी मिळून बनवलेली. मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या. वाजवायला तो प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं वापरतो, म्हणून तारेवर आघाताबरोबर किंचित खरखर उमटते. गाण्याच्या सुरुवातीला हीच गिटार एकटी, दाबलेल्या तारांवर ठेका धरते. त्यावर फेजिंग आहे. एकच आवाज दोन टेपांवर एकाच वेळी चालवायचा आणि एका टेपेची गती केसभर कमी करायची. मग डोक्यावरून विमान जावं तसा आवाज फिरत जातो.

आता स्टुडिओ. १९७१ साली वेम्ब्लीत ‘डी लेन ली’ हा स्टुडिओ नव्याने उभा राहत होता. भिंती आवाज अडवतात का, यंत्रं ताण सोसतात का, हे तपासायला त्यांना दणदणीत वाजवणारा बँड हवा होता. क्वीनने वाजवलं, बदल्यात डेमो फुकट करून घेतले. हे गाणं त्यात होतंच. चौघं नुकतेच जमलेले. बेसवरचा जॉन डीकन त्याच वर्षी आला होता. टेक मोकळा आहे, चुकतमाकत पण हसरा.

पुढे त्यांचा करार झाला तो सोहोमधल्या ‘ट्रायडंट’ स्टुडिओच्या मालकांशी. ट्रायडंट त्या काळी फार मोठं नाव, बीटल्सनी ‘हे ज्यूड’ तिथेच केलेलं. पण या पोरांना वेळ मिळायचा तो दुसऱ्यांची शिफ्ट संपल्यावर उरेल तो. बहुधा रात्रीचा. उरलेल्या वेळेत काम करणं काय असतं ते मला विचारा. मागच्या माणसाची सेटिंग्ज तशीच, माइक हलवायची परवानगी नाही, आणि सगळ्यांचे कान थकलेले. ट्रायडंटच्या ड्रम बूथमध्ये आवाज मेल्यासारखा कोरडा यायचा. ड्रमर रॉजर टेलर आणि ब्रायन दोघांनाही तो कधी आवडला नाही. गाण्याचे मिक्सवर मिक्स झाले, एकही पसंत पडेना. शेवटी माइक स्टोन या तरुण इंजिनिअरने केलेला मिक्स त्यातल्या त्यात बरा म्हणून तबकडीवर गेला. ब्रायनच्या मते डेमोतली जान त्यात उतरलीच नाही. मी दोन्ही ऐकले आहेत आणि मी ब्रायनच्या बाजूचा आहे. ट्रायडंटचा टेक शिस्तीचा आहे, एवढंच.

तबकडी तयार असून कंपनी मिळेना. ईएमआयशी करार व्हायला १९७३ उजाडलं. तोवर दोन वर्षांपूर्वीचं गाणं शिळं वाटायला लागलं होतं. बीबीसीच्या रेडिओ वनने ते लावलं नाही. तक्रार अशी की गाणं सुरू व्हायलाच फार वेळ घेतं. म्हणजे ज्या गिटारवर ब्रायनने जीव ओतला तीच आड आली! टीव्हीवर ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या कार्यक्रमाने मात्र नाव नसलेली कोरी तबकडी हाती आली तरी गाणं आवडलं म्हणून जुन्या फिल्मवर चढवून दाखवलं.

गंमत म्हणजे ही फ्रेडीची पहिली तबकडीही नव्हे. काही दिवस आधी ‘लॅरी ल्युरेक्स’ या बनावट नावाने त्याने गायलेली एक सिंगल आली होती. ट्रायडंटच्याच एका इंजिनिअरचा तो उद्योग. तीही पडली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९७४ मध्ये ‘सेव्हन सीज ऑफ राय’ पहिल्या दहात पोचलं, आणि १९७५ मध्ये जवळपास सहा मिनिटांचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं.

२०२४ मध्ये क्वीनने हे गाणं असलेला आपला पहिला अल्बम नव्याने मिक्स करून काढला, तेव्हा सगळ्यात आधी हात घातला तो ड्रम्सना. ते आता खरंच मोकळे वाजतात. गिटारच्या सुरुवातीसाठी मात्र मी अजून वेम्ब्लीचाच टेक लावतो.