आधी झाडं, मग फुलं

मैत्रिणींनो, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आठवतंय ना? अशा वेळी ‘माणसांनाच पाणी नाही, झाडांना कुठलं?’ असं आपण म्हणून जातो. पण शेवंती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावता येते. परसातला दहा वर्षांचा आंबा वाळला, तर पुन्हा दहा वर्षं थांबावं लागतं. म्हणून थोडं पाणी असेल तर आधी झाडं, मग फुलं.

भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी साठवा. कपड्यांचं साबणाचं पाणी मात्र नको, त्यातल्या क्षारांनी माती बिघडते. मोठ्या झाडाला बुंध्याशी पाणी ओतू नका. पाणी ओढणारी बारीक मुळं लांबवर पसरलेली असतात. फांद्यांच्या घेराखाली आळं करा. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, चार-पाच बादल्या सावकाश मुरू द्या. वर चार बोटं पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, म्हणजे ओल टिकते. लहान रोपाशेजारी बुडाला बारीक भोक पाडून, वात घालून मडकं पुरा. टंचाईत रासायनिक खत अजिबात नको.

पानं गळली म्हणून लगेच कुऱ्हाड लावू नका हं! फांदी नखाने खरवडून बघा. आत हिरवी असेल, तर झाड अजून जिवंत आहे.