यूएसबी उपकरणे आणि संगणक सुरू होण्यातील अडथळे : कारणे व निदानपद्धती

प्रस्तावना :

महाविद्यालयाचे कार्यालय असो, ग्रंथालय असो वा प्रयोगशाळा. संगणक अचानक सुरू न होणे ही सर्वत्र आढळणारी अडचण आहे. बटण दाबल्यावर पंखा फिरतो, उत्पादकाचे बोधचिन्ह पडद्यावर उमटते आणि संगणक तेथेच थांबतो. कधी काळ्या पडद्यावर 'ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड' असा संदेश येतो. अशा वेळी हार्ड डिस्क बिघडली असे समजून ती घाईने फॉरमॅट केली, तर वर्षानुवर्षे जमविलेली माहिती नष्ट होते. वस्तुतः दोष बाहेरून जोडलेल्या एखाद्या यूएसबी उपकरणातही असू शकतो. प्रस्तुत लेखात या अडथळ्याची कारणे व निदानाची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

संगणक सुरू होण्याची प्रक्रिया :

विद्युतपुरवठा मिळताच मदरबोर्डवरील बायोस ही प्रणाली कार्यान्वित होते. ती प्रथम स्मृती, कळफलक इत्यादी घटकांची तपासणी करते. त्यानंतर ठरवून दिलेल्या क्रमाने ऑपरेटिंग सिस्टीमचा शोध घेते. या क्रमास 'बूट ऑर्डर' असे म्हणतात. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये डिस्कवरील पहिला ५१२ बाइटचा विभाग वाचला जातो. त्याच्या अखेरच्या दोन बाइटमध्ये ठरावीक खूण आढळल्यास पुढील नियंत्रण त्या डिस्ककडे सोपविले जाते. अलीकडील संगणकांत बायोसची जागा यूईएफआय प्रणालीने घेतली असून ती विशिष्ट विभागातील बूट फाइल शोधते.

अडथळ्याची कारणे :

१) बूट ऑर्डरमधील अग्रक्रम : यूएसबी उपकरणास हार्ड डिस्कच्या आधीचे स्थान दिलेले असेल आणि पेन ड्राइव्हवर वरील खूण असूनही ऑपरेटिंग सिस्टीम नसेल, तर संगणक तेथेच अडकतो. पूर्वी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून राहिल्यास असाच प्रकार घडत असे.

२) उपकरणाची ओळख न पटणे : यूएसबीचे पहिले प्रमाणक १९९६ मध्ये, २.० ही आवृत्ती २००० मध्ये व ३.० ही आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची ओळख करून घेणे हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय. परंतु सदोष कार्ड रीडर, प्रिंटर वा बाह्य हार्ड डिस्क योग्य प्रतिसाद देत नसल्यास बायोस प्रतीक्षा करीत राहू शकते.

३) विद्युतभार : यूएसबी २.० च्या प्रमाणकानुसार एका जोडणीतून ५ व्होल्ट दाबाने कमाल ५०० मिलिअँपिअर, तर ३.० नुसार ९०० मिलिअँपिअर प्रवाह उपकरणास मिळतो. उपकरणाची गरज याहून अधिक असल्यास किंवा पोर्टमधील वाकलेल्या पिना एकमेकींस चिकटल्यास काही संगणक सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतात.

निदानाची पद्धत :

संगणक पूर्णपणे बंद करून कळफलक व माउस वगळता सर्व यूएसबी उपकरणे काढावीत. रिकामे दिसणारे कार्ड रीडर व हब यांचाही त्यात समावेश करावा. त्यानंतर संगणक सुरू करावा. अडथळा कायम राहिल्यास कळफलक व माउसही काढून पुन्हा प्रयत्न करावा. संगणक सुरू झाल्यास एकेक उपकरण जोडून प्रत्येक वेळी तो बंद करून पुन्हा चालू करावा. ज्या उपकरणानंतर अडथळा येईल, ते दुसऱ्या पोर्टला व दुसऱ्या केबलने जोडून पाहावे. विद्युतभाराचा प्रश्न असल्यास स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब वापरावा.

दोष अग्रक्रमाचा असल्यास बायोसमध्ये हार्ड डिस्कला पहिले स्थान द्यावे. मात्र विंडोजमधील बिटलॉकर सुविधेने डिस्क कुलूपबंद केलेली असल्यास असा बदल केल्यावर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. म्हणून ती आधीच हाताशी असणे आवश्यक आहे.

सर्व उपकरणे काढूनही संगणक सुरू न झाल्यास हार्ड डिस्क व अन्य अंतर्गत घटकांची तपासणी करावी. तेव्हाही डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून त्यावरील माहितीची प्रत घेण्याचा प्रयत्न प्रथम करावा.

निष्कर्ष :

बाह्य उपकरणे काढून पाहण्यास काही मिनिटे लागतात व त्यात कोणतीही माहिती गमावली जात नाही. याउलट, फॉरमॅट केल्याने गेलेली माहिती परत मिळेलच याची शाश्वती नसते. म्हणून निदानाचा आरंभ बाहेरून आत या क्रमाने करणे हेच शास्त्रीय व हितकारक ठरते.