घरातली जुनी वीणा

श्रोतेहो, परंदवडी, सोमाटणे, उर्से ही आपल्या मावळातली पवनेच्या बाजूची गावे. देहूही इथून फार लांब नाही. ह्या मुलखात भजनाची गोडी नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. अशा गावात एखाद्या घरी माळ्यावर, नाही तर देवघराशेजारच्या खुंटीला, जुनी वीणा टांगलेली असते. आजोबा ती गळ्यात घालून सप्ताहात उभे राहत. आजोबा गेले, तारा तुटल्या, भोपळ्याला चीर गेली. मग नातू म्हणतो, "यंदा सप्ताहाच्या आधी रंगवून-बिंगवून घेऊ." हेतू चांगलाच आहे. पण ह्या "रंगवून-बिंगवून" मध्ये जे बिघडते, ते मागाहून भल्या कारागिरालाही सुधारता येत नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत, हे आपणांस ठाऊक आहेच. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्र असो की दिवस. म्हणजे तुमच्या घरच्या वीणेला किती हात लागले असतील, विचार करा. दांडीवर जिथे अंगठा टेकतो तिथली चकाकी गेलेली असते, लाकूड गुळगुळीत झालेले असते. तो दोष नव्हे. ती खूण घासून काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आधी वाद्य ओळखू या. आपण जिला भजनाची वीणा म्हणतो, ती बहुधा तंबोऱ्याच्या कामाची असते, सूर धरण्यापुरती. तिच्यावर गत वाजवीत नाहीत. दांडीवर धातूचे वाकवलेले पडदे असतील आणि मुख्य तारांखाली बारीक तरफा असतील, तर ती सतारीच्या जातीची. पडदे नाहीत, चार तारा आणि रुंद घोडी, तर तंबोऱ्याच्या जातीची. पडदे निघून गेलेले असले तर दांडीवर त्यांच्या दोऱ्यांचे वळ दिसतात. ते तिरप्या उजेडात पाहावेत.

वयाविषयी मात्र जपून बोलावे. "पेशवाईतली आहे" असे घरोघर सांगतात! कडेला पांढरी नक्षी असेल तर ती पाहा. मऊ कापडाने जोरात घासून वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. हा पदार्थ १८७० च्या सुमारास अमेरिकेत तयार होऊ लागला, म्हणजे ती नक्षी त्यापूर्वीची असणे शक्य नाही. नक्षी मागाहून बसवलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. सेल्युलॉइड चटकन पेट घेते; समई, निरांजन लांब ठेवावे. खरा हस्तिदंत निघाला तर त्याची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे करता येत नाही. दांडीवर किंवा तबलीवर कारागिराच्या नावाचा पट्टा, शिक्का असला तर त्याला हात लावू नये. ताडून पाहायला पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. कवी "अज्ञातवासी" म्हणजेच दिनकर केळकर. त्यांनी जमवलेला हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाकडे आला. तिथे जुनी वाद्ये जवळून पाहायला मिळतात. शाळेची सहल नेली तर अधिक बरे.

दुरुस्तीला नेण्याचे ठिकाण म्हणून पहिले नाव मिरजेचे घ्यावे लागेल. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. त्या मंडळींपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथे तंतुवाद्ये करण्यास सुरुवात केली. तलवारीचे काम सरले, तंबोऱ्याचे उरले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ह्या वाद्यांचे मोठे भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने. वारकऱ्याला हे ऐकून बरे वाटेल. पुण्याहून रेल्वेने मिरजेस जाता येते. वीणा नेताना तारा सैल करा, गोधडीत गुंडाळा, आणि मांडीवरच घेऊन बसा.

कारागिराशी काय बोलायचे? पहिले म्हणजे सरस. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात. ऊब आणि ओल दिली की ते सुटतात, म्हणून पुढच्या पिढीला पुन्हा दुरुस्ती करता येते. हल्लीच्या चिकट रसायनाने जोडलेला सांधा फोडूनच काढावा लागतो. चिरेत लांबी भरू नये. तबली उघडून आतून कापडाची पट्टी लावता येते का, ते विचारावे. वरून ऑइलपेंट नको. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश पुरे. ते पुसता तरी येते. घोडीवर तारांनी चरे पडले असतील तर सूर मुका येतो. तिची जवारी काढणे हे कानाचे काम आहे, घरी कानस चालवू नये. तारेखालची जिवाळी, म्हणजे ते सुताचे धागे, तेवढे तुम्ही स्वतः बदलू शकता.

किडीची परीक्षा सोपी. वीणेखाली रात्रभर काळा कागद ठेवा. सकाळी पिवळट भुकटी पडली तर किडा जिवंत आहे. पडली नाही तर ती बहुधा जुनी भोके, पण एका रात्रीवरून खात्री धरू नये.

दांडीच पिळली असेल, तर मात्र हट्ट धरू नये. तारांचा ताण तिला सोसणार नाही. ती देवघराजवळ तशीच ठेवा आणि सप्ताहाला नवी घ्या. बाकी वीणा वाजती राहिलेली बरी.

शिक्षक बंधुभगिनींनी एक करावे. दुरुस्तीआधी मुलांकडून वीणेची मापे घेऊन चित्र काढवावे, चारी बाजूंनी फोटो घ्यावेत, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती कोणी आणली, कोणाकोणाच्या गळ्यात होती, हे वहीत लिहून ठेवावे. हे सांगणारी माणसे आज आहेत.

आणि आपल्या मावळचा पाऊस! जून ते सप्टेंबर वीणा पावसाकडच्या भिंतीला टांगू नका. चुलीवरच्या माळ्यावरही नको. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल कोंडते. सुती गवसणी घाला. दुरुस्त होऊन आल्यावर तारा एकदम चढवू नयेत. रोज थोडी थोडी खुंटी पिळत आठवड्याभरात सुरावर आणाव्यात.