घरचं गॅरेज, लेखांक ६ : बॉल जॉइंट काढायला काय काय लागतं?

बॉल जॉइंट सैल झालाय हे कसं ओळखायचं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता हत्यारं. पण दुकानात जाण्याआधी गाडीखाली जा आणि जॉइंट आर्मला कसा बसवलाय ते बघा. निम्मी खरेदी तिथेच ठरते.

हा लेख पिकअपवाल्यांसाठी आहे. टाटा झेनॉन, इसुझू डी-मॅक्स अशा गाड्यांना पुढच्या प्रत्येक चाकामागे वर एक आणि खाली एक आर्म असतो आणि त्यांच्या टोकाला बॉल जॉइंट. महामार्गावरच्या मोठ्या मालट्रकांना बहुधा अखंड ॲक्सल आणि किंगपिन असतात, बॉल जॉइंट फक्त स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांना. किंगपिनचं काम घरच्या अंगणात काढू नये.

आमच्या मांजलपुरात, खरं तर सगळ्या वडोदऱ्यात, जॉइंटचा मोठा शत्रू पाणी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. रबरी बूट चिरलेला असेल तर गाळ आत जातो, ग्रीसमध्ये कालवला जातो आणि गोळा खरवडत राहतो.

जॉइंटचा दांडा चाक धरणाऱ्या नकलमध्ये निमुळता होऊन घट्ट रुतलेला असतो. नट काढला तरी तो सुटत नाही, कारण धरून ठेवते ती निमुळती बैठक. सोडवायचे मार्ग दोन. एक, दीड किलोचा हातोडा नकलच्या डोळ्यावर बाजूने मारायचा. डोळा क्षणभर दबतो आणि दांडा सुटतो. दुसरा, स्क्रूचा पुलर. दोन दातांची पाचर स्वस्त मिळते, ठोकली की काम होतं, पण बूट हमखास फाटतो. बेअरिंगसाठी नकल उघडताना मी ती वापरली आणि चांगला चाललेला जॉइंट वाया घालवला. जॉइंट फेकायचाच असेल तरच पाचर घ्या. एरवी पुलरच. कुठलाही मार्ग धरा, नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे दांडा सुटला तरी आर्म उसळत नाही.

आता दुसरी बाजू, आर्मकडची. जॉइंट बोल्टने बसवलेला असेल तर गोटी पाना आणि लांब टॉमी पुरते. कंपनीने रिव्हेट मारले असतील तर ड्रिल लागतं. नवा जॉइंट बहुतेक बोल्टांसह येतो. दाबून बसवलेला असेल तर मात्र सी-आकाराचा प्रेस आणि योग्य मापाचे गोल तुकडे हवेतच. हातोड्याने ठोकून काढला तर आर्मचं भोक लांबट होतं आणि नवा जॉइंट त्यात धरत नाही. वर्षातून एकदा लागणारा प्रेस विकत घ्यायची गरज नाही. आर्म सोडवून मकरपुरा जीआयडीसीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा. आपल्याला लेथ आणि प्रेसचा शेजार आहे, त्याचा फायदा घ्यावा.

पैसे कुठे वाचवू नयेत? घोड्यांमध्ये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चेसिसखाली दोन घोड्या आणि मागच्या चाकांना ओट हवेतच. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकत असेल तर त्या आर्मखाली वेगळा जॅक लावा. तिथला जॉइंट सुटला की दबलेली स्प्रिंग सगळी ताकद एकदम सोडते. हे वाक्य दोनदा वाचा. मला बाकी सगळ्यापेक्षा याचीच काळजी वाटते.

शेवटी टॉर्क रेंच आणि नवी स्प्लिट पिन. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. कॅसल नट त्या आकड्यावर आला आणि भोक जुळलं नाही, तर नट थोडा पुढे आवळा, मागे सोडू नका. चाक बसलं की गाडी सरळ अलाइनमेंटला न्या. तिथे मिळणाऱ्या कागदावरचे कॅम्बर, कॅस्टर आणि टोचे आकडे पुढच्या आठवड्यात वाचू.