‘टर्नर पाहिजे’ : तंत्रव्यवसायातील स्त्रिया आणि नोकरभरतीची मराठी

सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर माधवनगर व बुधगाव ही गावे एकापाठोपाठ लागतात. माधवनगर कापड गिरणीमुळे व यंत्रमागांमुळे नावारूपास आले. बुधगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सांगलीच्या विश्रामबागेतील वालचंद महाविद्यालयाची स्थापना तर १९४७ ची. माधवनगरवरून जाणाऱ्या पुणे-मिरज लोहमार्गावरच किर्लोस्करवाडी आहे. यंत्र वापरणारे, यंत्रविद्या शिकविणारे आणि यंत्र घडविणारे गाव अशा रीतीने एकाच जिल्ह्यात येत असल्यामुळे, तंत्रव्यवसायात स्त्रिया अल्प का, या प्रश्नाचा विचार करावयास हा टापू सोयीचा ठरतो. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील अभियांत्रिकी व तंत्रशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांत मुलींचा वाटा सुमारे २९ टक्के होता. वर्गातील बाक आणि कारखान्यातील यंत्र यांच्यामध्ये जी पायरी आहे, ती भरतीची. भरती ही बऱ्याच अंशी भाषेतून घडते. जाहिरात, हुद्द्याचे नाव, नियमातील कलम ही सारी भाषिक रूपेच होत. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यांच्यापुरते मर्यादित आहे.

छापील जाहिरात रूढ होण्यापूर्वी गिरणीतील भरती तोंडी होत असे आणि ती जॉबरच्या हाती असे. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत प्रामुख्याने स्त्रिया काम करीत, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीस ‘नायकीण’ म्हणत. हा शब्द भाषाभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. ‘नायक’ म्हणजे पुढारी, टोळीचा प्रमुख. परंतु ‘नायकीण’ या शब्दाला मराठीत व कोकणीत कलावंतिणीचा अर्थ आधीपासून चिकटलेला होता. पुरुषाच्या हुद्द्याने त्याचा अधिकार सांगितला जाई. स्त्रीच्या हुद्द्याने अधिकाराबरोबर कुजबुजही ऐकू येई. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी-कामगारांत सुमारे एक पंचमांश असणाऱ्या स्त्रिया पुढील अर्धशतकात हळूहळू दिसेनाशा झाल्या. वेगवान यंत्रे आली, पाळ्या वाढल्या, रात्रपाळी स्त्रियांना वर्ज्य होती, आणि प्रसूतिभत्त्याचा बोजा मालकास नकोसा वाटला. हात-कौशल्याचे म्हणून जे काम स्त्रीचे होते, ते यंत्रावर जाताच पुरुषाचे झाले.

आता ‘-ईण’ या प्रत्ययाकडे वळावे. सुतारीण, लोहारीण, सोनारीण, पाटलीण ही रूपे व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी खरी, परंतु त्यांचा प्रथम अर्थ ‘त्या व्यावसायिकाची पत्नी’ असा होतो. कोळीण व सुईण यांत मात्र अर्थ कामाचा आहे, कारण बाजारात मासळी विकणारी आणि बाळंतपण करणारी स्त्री लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेली होती. ‘मास्तरीणबाई’ हा शब्द तर एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे सरकलेला आढळतो. शाळेत शिकविणाऱ्या स्त्रिया वाढल्या तसतसा पत्नीवाचक अर्थ मागे पडला. प्रत्यय तोच, अर्थ मात्र व्यवहाराने ठरविला. संस्कृतोद्भव शब्दांतही हेच दिसते. ‘अभिनेता–अभिनेत्री’च्या धर्तीवर ‘अभियंता–अभियंत्री’ हे रूप सहज सिद्ध होते. पण रंगभूमीने व चित्रपटाने अभिनेत्री पुढे आणली म्हणून तो शब्द तोंडी बसला, आणि ‘अभियंत्री’ला मात्र शब्दकोशाबाहेर फारसे कोणी विचारीत नाही. वायरमन, लाइनमन या शब्दांची अडचण वेगळीच. महावितरणने लाइनमनला ‘जनमित्र’ म्हणावयास आरंभ केला. त्यातून ‘मन’ गेला. परंतु मराठीत मित्र पुल्लिंगी आणि मैत्रीण निराळी, त्यामुळे वीजवाहिनीवर काम करणाऱ्या स्त्रीस ‘महिला जनमित्र’ असे विशेषण लावणे प्राप्त झाले.

जाहिरातीच्या वाक्यरचनेत मराठीने एक सोय करून ठेवली आहे, तिचा उपयोग मात्र क्वचितच जाणूनबुजून केला जातो. ‘उमेदवाराने अर्ज करावा’ या वाक्यात क्रियापद ‘अर्ज’ या शब्दाप्रमाणे चालते, उमेदवाराच्या लिंगाप्रमाणे नाही. ‘उमेदवारांना लेथ चालविता यावा’, ‘त्यांनी मूळ कागदपत्रे आणावीत’ ही वाक्येही स्त्री-पुरुष दोघांना सारखीच लागू पडतात. ‘अनुभवी’, ‘होतकरू’, ‘कुशल’ ही विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत. याउलट ‘उमेदवार आयटीआय झालेला असावा, त्याला रात्रपाळीची सवय असावी’ असे लिहिताच ‘झालेला’ व ‘त्याला’ हे दोन शब्द अर्ध्या वाचकांस दारातच थांबवितात. लिहिणाऱ्याच्या मनात तसा हेतू असतोच असे नाही. एकवचन लिहिण्याची सवय, एवढेच.

तथापि लिंगनिरपेक्ष वाक्य लिहिले म्हणजे काम भागले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ‘टर्नर पाहिजेत’ हे वाक्य व्याकरणाने कोणासही वगळीत नाही, तरी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. जर्मन व डच भाषक मुलांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परंपरेने पुरुषांच्या मानल्या गेलेल्या व्यवसायांची नावे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी अशा जोडरूपांत सांगितली असता मुलींना त्या व्यवसायांत अधिक रस वाटला, असे दिसून आले. मराठीवर असा अभ्यास व्हावयास हवा, आणि पदव्युत्तर प्रबंधास तो विषय अगदी जोगा आहे. तोवर ‘स्त्री व पुरुष टर्नर पाहिजेत’ असे स्पष्ट लिहिणे हे मौनापेक्षा बरे, असे म्हणावयास हरकत नाही.

स्पष्ट लिहिण्याचे सामर्थ्य उलट दिशेनेही दिसते. १९७४ साली पुण्याच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी सूचना होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजेच नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी त्याविषयी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड पाठविले, त्यांना मुलाखतीस बोलाविण्यात आले आणि नेमणूकही झाली. या प्रसंगाची वाखाणणी पुष्कळ होते. पण त्यातील बोचणारी बाब अशी की, ती सूचना निदान छापलेली होती, म्हणून तिला उत्तर देता आले. न छापलेल्या अटीला पोस्टकार्ड कोठे पाठवावे?

कायद्याची भाषा हा याच प्रश्नाचा दुसरा भाग होय. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने फिरत्या यंत्राच्या विवक्षित भागांना तेल देण्यास स्त्रियांना मनाई केली, कापूस पिंजणीयंत्राजवळ त्यांस कामावर ठेवू नये असे सांगितले, आणि रात्रीच्या कामावर निर्बंध घातला. महाराष्ट्राने २०१५ साली दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. यापेक्षा सूक्ष्म उदाहरण पाळणाघराचे. त्या अधिनियमात तीसपेक्षा अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर बंधनकारक होते. म्हणजे एकतिसाव्या स्त्रीची नेमणूक मालकास एका खोलीच्या व दायीच्या खर्चात पाडीत असे. प्रसूतिलाभ अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक ‘कर्मचारी’ असा निकष घातला. ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘कर्मचारी’ हा एक शब्द आला, आणि स्त्रीस न घेण्यात या बाबतीत तरी बचत उरली नाही. त्याच दुरुस्तीने प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची केली. तिचे वेतन मात्र मालकाच्याच माथी राहिल्याने जुना हिशेब पुरता मिटला, असे म्हणता येत नाही.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसविलेल्या या कारखाना-गावातून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघू लागले. स्त्रियांविषयीचा नवा विचार पंप व नांगर ओतणाऱ्या भट्टीच्या शेजारी छापला गेला. पुढे त्याच किर्लोस्कर ब्रदर्सने केवळ स्त्रियांकडून चालविला जाणारा पंपांचा कारखाना उभारला, तो मात्र कोइंबतूरजवळ कनियूर येथे, २०१० मध्ये. टेल्कोचे आजचे रूप असलेल्या टाटा मोटर्सनेही पुण्यात मोटारजोडणीची एक संपूर्ण साखळी स्त्रियांच्या हाती दिली आहे. असे स्वतंत्र विभाग भरतीस सोपे असतात, कारण बस, वसतिगृह, पाळी यांची व्यवस्था एकदाच करावी लागते. वाइंडिंग खात्यासारखे ते ‘बायकांचे खाते’ होऊन बसतील काय, ही शंका मात्र गिरणीचा इतिहास पाहता रास्त आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून, वार्षिक आठ लक्ष रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले आहे. या सवलतीतून शिकलेल्या मुली काही वर्षांत सांगली-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत अर्ज घेऊन येतील. कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या नवशिक्यास मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. या दोन्ही शब्दांना लिंगभेदाचा प्रत्यय लागत नाही. भरतीच्या फलकावर त्यांच्यापुढे कोणते क्रियापद लिहिले जाते, हे पाहण्यासारखे राहील.