विश्लेषण : लोकमान्यांवर अंत्यसंस्कार स्मशानाऐवजी चौपाटीवर का झाले?

लोकमान्य टिळकांचे निधन मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात झाले. तारीख १ ऑगस्ट १९२०, वेळ मध्यरात्र उलटल्यानंतरची. चौसष्टावा वाढदिवस होऊन जेमतेम आठवडा लोटला होता. पुणेकरांना पार्थिव पुण्याला न्यायचे होते, पण अंत्यसंस्कार मुंबईतच करायचे ठरले.

अडचण होती गर्दीची. रविवार आणि भर पाऊस असूनही दोन लाखांहून अधिक लोक अंत्ययात्रेत चालल्याच्या नोंदी आहेत. एवढा जनसमुदाय नेहमीच्या स्मशानात मावणे शक्यच नव्हते. त्यामुळे सरकारकडून खास परवानगी घेऊन गिरगाव चौपाटीच्या वाळूत चिता रचली गेली. ज्या सरकारने टिळकांना मंडालेला धाडले, त्याच्याकडूनच ही परवानगी घ्यावी लागली! पार्थिव पद्मासनात बसवले होते. गर्दीत मागे असलेल्यांनाही शेवटचे दर्शन घडले ते त्यामुळेच. महात्मा गांधी आणि शौकत अली यांनीही खांदा दिला.

गर्दीत गिरणी कामगार का होते?

उत्तर १९०८ मध्ये सापडते. राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला होता. नुसत्या सुशिक्षितांच्या पुढाऱ्यासाठी कोणी मजुरी बुडवत नाही.

योगायोग असा की, असहकार आंदोलनाची सुरुवातही १ ऑगस्टलाच ठरलेली होती. गांधीजींनी त्याच तारखेच्या पत्राने कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयना परत केले.

गोंदियाचा संबंध काय?

गोंदिया तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये झाला. मुंबई इथून हजारेक किलोमीटर दूर, पण नागपूर जवळ. डिसेंबर १९२० मधले काँग्रेस अधिवेशन नागपूरला भरणार होते आणि अध्यक्ष टिळकच असावेत, अशी इथल्या कार्यकर्त्यांची इच्छा होती. त्यांच्या निधनानंतर डॉ. मुंजे यांनी अरविंद घोष यांना गळ घातली, त्यांनी नकार दिला. अखेर सी. विजयराघवाचारी अध्यक्ष झाले. कोलकात्याहून नागपूरला येणारा रेल्वेमार्ग गोंदियावरूनच जातो. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले ते याच अधिवेशनात. पुढच्याच वर्षी टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमा झाले.